बाथरूममधला प्लग पॉइंट : सोय आणि सावधगिरी

थंडी सुरू झाली की पहाटे सहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत एकच दृश्य दिसते. मोरीत प्लास्टिकची बादली, तिच्या काठाला अडकवलेला हिटिंग रॉड आणि दारातून बाहेर जाऊन खोलीतल्या प्लगपर्यंत ताणलेली वायर. घरातली एक व्यक्ती चहाच्या गडबडीत असते, दुसरी शाळेचा डबा भरत असते. तेवढ्यात आतून हाक येते, "पाणी तापलं का बघ गं." बघायचे कसे? सवयीने बोट पाण्यात जाते. बटन बंद आहे की चालू, हे त्या घाईत कोणी पाहिलेले नसते.

बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणूनच ती सवय टिकते. पण दर हिवाळ्यात जिल्हा पानावर कुठे ना कुठे चार ओळींची बातमी येते : पाणी तापवताना विजेचा धक्का बसून मृत्यू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावतात. यात शेतातल्या तुटलेल्या तारा आहेत, बांधकामावरचे अपघात आहेत आणि घरातलेही आहेत. घरातल्या सगळ्या जागांत बाथरूम वेगळी ठरते, कारण पाणी, धातू, उघडे शरीर आणि वीज या चारही गोष्टी तिथे हाताच्या अंतरावर एकत्र येतात.

बंबाच्या जागी बटन

आपल्या घरांची रचना विजेच्या आधीची आहे. वाड्यातले न्हाणीघर मागच्या बाजूला असे, पाणी चुलीवर किंवा तांब्याच्या बंबात तापे. चाळीत मोरी म्हणजे स्वयंपाकाच्या खोलीचाच एक कोपरा. या जागांत वीज आली ती एका दिव्यापुरती. पुढे गिझर आला, मग वॉशिंग मशीन आले, आता ट्रिमर, हेअर ड्रायर आणि फोनचा चार्जरही आला. प्रत्येक वेळी भिंतीवर एक नवा पॉइंट वाढला. तो कुठे असावा, त्याला किती जाडीची वायर लागेल, अर्थिंग आहे का, हे प्रश्न अनेक घरांत विचारलेच गेले नाहीत. 'जवळच्या बोर्डातून लाइन काढून द्या' एवढ्यावर काम झाले.

साधे गणित पाहा. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. २,००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेतो, ३,००० वॉटचा छोटा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर. लहान पिनांचा प्लग ६ अँपिअरसाठी असतो, मोठ्या पिनांचा १६ अँपिअरसाठी. दीड हजार वॉटचा हिटिंग रॉडसुद्धा साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे लहान प्लगच्या मर्यादेबाहेर जातो. तरीही रॉड लहान सॉकेटला किंवा तकलादू एक्स्टेंशन बोर्डला लावलेले सर्रास दिसतात. मग सॉकेट तापते, काळे पडते, आतले स्प्रिंग सैल होतात. जळका वास येईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

शरीरातून वीज जाते तेव्हा

धक्क्याची तीव्रता व्होल्टवर कळते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात इजा किती होईल हे ठरते शरीरातून किती प्रवाह गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या मार्गाने गेला यावर. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. अर्ध्या-एक मिलिअँपिअरला बारीक मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 'करंट चिकटवून ठेवतो' असे आपण म्हणतो ते याच अनुभवावरून. वीज काही चिकटवत नाही. बोटे मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात आणि सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन घेणारा प्रवाह ते सगळे एकदम आवळून धरतो. प्रवाह आणखी वाढला की छातीचे स्नायूही आवळतात आणि श्वास अडतो.

तीस मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही काळ चालू राहिला तर हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढत जाते. हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्या अतिशय सूक्ष्म विद्युत संकेतांवर चालतात. बाहेरचा प्रवाह नको त्या क्षणी त्यात मिसळला तर हृदय आकुंचन-प्रसरण सोडून नुसते थरथरू लागते. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. रक्त पुढे ढकलले जात नाही, काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. अशा वेळी अंगावर भाजल्याची मोठी खूण असेलच असे नाही.

आता बाथरूमचा विचार करा. कोरडी कातडी, पायातली चप्पल आणि कोरडी फरशी मिळून प्रवाहाला चांगलाच अडथळा करतात. ओल्या, साबण लागलेल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहिले की हा अडथळा कोसळतो. शरीराचा रोध साधारण एक हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. जीव धोक्यात येतो त्या पातळीच्या सात-आठ पट. त्यातही हातातून शिरून पायातून जमिनीत जाणारा प्रवाह छातीतून जातो, आणि आंघोळीच्या वेळी नेमका हाच मार्ग तयार असतो.

सुरुवातीच्या बादलीकडे परत येऊ. रॉडच्या धातूच्या नळीला आतून तडा गेला असेल तर पाण्यात वीज उतरते. बादली प्लास्टिकची असल्याने ती वीज जमिनीकडे जाऊ शकत नाही, पाण्यातच थांबून राहते. वरून काहीच दिसत नाही, पाणी नेहमीसारखे तापते. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचे बोट पाण्यात गेले की त्या विजेला हवा असलेला रस्ता मिळतो. तो रस्ता म्हणजे ते माणूसच.

एमसीबी घर वाचवतो, माणूस नाही

'आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर आपोआप बंद पडेल' असा दिलासा अनेक घरांत असतो. हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे. एमसीबीचे काम वायरिंगचे रक्षण करणे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह गेला की पडतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो. एमसीबीच्या दृष्टीने धक्का बसणारा माणूस म्हणजे एखाद्या लहानशा बल्बएवढा भार. तो चालूच राहतो.

दुसरी सुरक्षा म्हणजे अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, ती उगाच नाही. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. ती पिन गिझरच्या धातूच्या भागाला थेट जमिनीशी जोडते. एलिमेंट फुटून टाकीत वीज उतरली तर तिला माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी सोपा रस्ता मिळतो.

पण अर्थिंग असले म्हणजे झाले असेही नाही. घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम असेल तर दोष आल्यावर त्यातून साधारण साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला पडणारच नाही. गिझर चालू राहील, टाकीचा धातू विजेने भारलेला राहील आणि घरात कोणाला पत्ताही लागणार नाही.

त्याहून घातक आहेत ते जुगाड. कुठे तिसरी पिन मोकळीच सोडलेली असते. कुठे ती जवळच्या नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असते. मधला पाइप पुढे प्लास्टिकचा झाला की अर्थिंग संपते आणि तोच नळ धक्का देऊ लागतो. कुठे ती सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून टाकतात. मग न्यूट्रलची वायर कुठे तुटली की गिझरच्या सगळ्या धातूच्या भागांवर थेट २३० व्होल्ट येतात. सुरक्षेसाठी असलेली वायरच अशी उलटते.

गळती ओळखणारे उपकरण

माणसाला वाचवण्यासाठी बनवलेले उपकरण वेगळे आहे. त्याचे नाव आरसीसीबी. बोलीत त्याला अजून जुन्या नावाने 'ईएलसीबी' म्हणतात. त्याचे तत्त्व हिशेबनिसाचे आहे : फेजमधून जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. थोडासा कमी आला, तर तो कुठून तरी जमिनीत चालला आहे. कदाचित गिझरच्या टाकीतून, कदाचित कोणाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पुरवठा तोडतो. तफावत पाच पट असेल तर ०.०४ सेकंदात. हृदयाच्या एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतात. म्हणजे मोठा धक्का असेल तेव्हा एक ठोका पुरा होण्याच्या आत वीज गेलेली असते. धक्का जाणवतो, माणूस दचकतो, घसरून पडूही शकतो. पण जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

या कल्पनेमागे बरेच संशोधन आहे. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती प्रवाहाला हात सोडवता येत नाही हे मोजले. पुरुषांत ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर निघाली. १९६१ साली त्यांनी सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारे उपकरण तयार केले. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७५ साली घरांच्या बाथरूममधल्या सॉकेटला असे संरक्षण आवश्यक केले.

अर्थिंग आणि आरसीसीबी एकमेकांचे पर्याय नाहीत, जोडीदार आहेत. अर्थिंग चांगले असेल तर गिझरमध्ये दोष येताच गळती जमिनीत जाते आणि आरसीसीबी लगेच पडतो, कोणी हात लावण्याआधीच. अर्थिंग नसेल तर आरसीसीबीला गळती दिसते ती कोणाचा तरी हात लागल्यावर. आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले आणि जमिनीशी संपर्क नसेल, तर त्याला तो माणूस साधा भारच वाटतो. वायर तापण्यापासूनही तो वाचवत नाही, त्यासाठी सोबत एमसीबी हवाच.

आणि इथेच एक नेहमीचा संवाद ऐकू येतो. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून वायरमनला बोलावले जाते. तो अर्ध्या तासात काम उरकतो. "ताई, तो सारखा ट्रिप होत होता, थेट जोडून दिलाय. आता त्रास नाही." त्रास खरोखरच थांबतो, पण पहारेकऱ्याला घरी पाठवल्यामुळे. वारंवार पडणारा आरसीसीबी बहुधा खरे बोलत असतो : गिझरच्या एलिमेंटमधून गळती आहे, भिंतीत वायर ओलसर झाली आहे, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. एकेक उपकरण बाजूला करून दोष शोधता येतो. त्याला वेळ लागतो, पण तेच खरे काम.

कुठे बंदी, कुठे सक्ती

बाथरूममध्ये सॉकेट असावे की नसावे, यावर जगात एकमत नाही. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ बाथरूममध्ये साध्या सॉकेटला बंदीच होती. लंडनला मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना तिथल्या बाथरूममध्ये भिंतीवर स्विच दिसत नाही. छतावरून लोंबणारी दोरी ओढून दिवा लावावा लागतो. ओल्या हाताचा विजेच्या बटनाशी संबंधच येऊ नये, हा त्यामागचा विचार. कपडे धुण्याचे यंत्र तिथे बहुधा स्वयंपाकघरात असते, त्याचे एक कारण हेच. दाढीच्या यंत्रासाठी मात्र खास सॉकेट चालते. त्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो बाहेरचा पुरवठा जमिनीपासून तोडून वेगळा करतो, त्यामुळे एका तारेला हात लागला तरी प्रवाहाला जमिनीतून परत जाण्याचा मार्ग नसतो. २००८ साली तिथला नियम सैल झाला आणि टब किंवा शॉवरच्या क्षेत्रापासून तीन मीटर दूर साधे सॉकेट चालू लागले. २०२२ च्या दुरुस्तीत हे अंतर अडीच मीटर झाले. तिथल्या बहुतेक बाथरूम एवढ्या मोठ्या नसतातच, त्यामुळे प्रत्यक्षात बंदी कायम राहिली.

अमेरिकेत उलट. तिथे वॉश बेसिनच्या काठापासून तीन फुटांच्या आत किमान एक सॉकेट असणे संहितेनुसार आवश्यक आहे. सॉकेट जवळ नसेल तर लोक लांबून एक्स्टेंशन वायर ओढतील आणि ती जास्त धोक्याची, असा हा विचार आहे. त्या सॉकेटला गळती ओळखणारे संरक्षण मात्र अनिवार्य. शिवाय तिथला व्होल्टेज १२०, आपल्या जवळपास निम्मा. दोन्ही देशांनी वेगळे रस्ते घेतले, पण एका गोष्टीवर दोघेही ठाम आहेत : ओल्या जागेतली वीज साध्या खोलीतल्या विजेसारखी हाताळायची नाही.

चार बाय सहाची बाथरूम

आंतरराष्ट्रीय मानकात बाथरूमचे क्षेत्रांत भाग केले आहेत. टबच्या आतली जागा म्हणजे शून्य क्षेत्र. त्याच्यावर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतची जागा पहिले क्षेत्र. त्याच्या बाजूची साठ सेंटिमीटरची पट्टी दुसरे क्षेत्र. या तिन्हींत साधे सॉकेट बसवायचे नाही. त्याबाहेर बसवले तर ३० मिलिअँपिअरचे संरक्षण हवे. आपल्याकडची सर्वसाधारण बाथरूम टबची नसते, सगळी फरशीच ओली होते. अशा ठिकाणी शॉवरच्या तोटीपासून १.२ मीटर, म्हणजे चार फुटांपर्यंतची जागा पहिल्या क्षेत्रात धरतात.

आता चार फूट रुंद आणि सहा फूट लांब बाथरूम डोळ्यांसमोर आणा. शॉवर आतल्या भिंतीच्या मधोमध असेल, तर चार फुटांच्या त्या कक्षेत जवळजवळ सगळीच बाथरूम येते. दाराजवळची अरुंद पट्टी तेवढी उरते. मग जागा राहते ती उंचीवर. सव्वादोन मीटर म्हणजे साधारण साडेसात फूट. गिझरचा पॉइंट छताजवळ, गिझरच्या शेजारी बसवण्याची जी जुनी पद्धत आहे, ती या मोजमापात चपखल बसते. त्या पॉइंटचा स्विच बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी असणे ही त्याची दुसरी बाजू. धोका आहे तो बेसिनशेजारी किंवा नळाच्या वर कमरेच्या उंचीवर नंतर वाढवलेल्या प्लगचा. शॉवरचे तुषार, हाताने उडालेले पाणी आणि आंघोळीनंतरची वाफ थेट त्याच्यापर्यंत पोहोचते.

कागदावर आणि भिंतीवर

भारतात नियम नाहीत असे नाही. विद्युत अधिनियम २००३ मध्ये सुरक्षेची तरतूद आहे. विजेमुळे जीवितहानी झाली तर ती कळवण्याची आणि चौकशीची व्यवस्थाही त्यात आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे विनियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे आणले. भारतीय मानक ब्यूरोची घरगुती वायरिंगची संहिता, आयएस ७३२, २०१९ साली आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवर सुधारली गेली. गिझर, हिटिंग रॉड, स्विच आणि एमसीबी यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

तरी एक मोठी फट राहिली. २०१० च्या विनियमांनी गळती ओळखणारे उपकरण आवश्यक केले, पण ५ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या लहान घरगुती जोडण्या त्यातून वगळल्या. एक-दोन खोल्यांची घरे, चाळी, भाड्याच्या खोल्या बहुतांशी याच गटात येतात. हिटिंग रॉड सर्वांत जास्त वापरला जातो तो याच घरांत. जोडणीचा भार कमी असला म्हणून त्या घरातल्या माणसाच्या हृदयाला जास्त प्रवाह सोसतो असे नाही. त्या काळात आणि त्याआधी बांधलेल्या इमारतींत मुख्य बोर्डवर आजही फक्त फ्यूज किंवा एमसीबीच दिसतो.

दुसरी फट तपासणीची. नवी जोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पुढे घरात पाच वर्षांनी गिझर बसतो, दहा वर्षांनी वॉशिंग मशीन येते, भाडेकरू बदलतात, पॉइंट वाढतात. प्रत्येक बदलानंतर तपासणी करून घेणारी घरे विरळच. भाड्याच्या घरात तर प्रश्न आणखी अवघड होतो. "वायरिंग मालकाचं, आम्ही कशाला खर्च करायचा?" असे भाडेकरू म्हणतो आणि "आजवर काही झालं नाही," असे मालक म्हणतो. दोघांचेही म्हणणे त्यांच्या जागी बरोबर वाटते, फक्त बाथरूममध्ये पाय ओले असतात ते भाडेकरूच्या मुलांचे. घर ताब्यात घेताना पंखे-दिवे मोजतात त्याच वेळी आरसीसीबी आणि अर्थिंग तपासून घेण्याची अट करारात घालता येते.

धोक्याच्या खुणा

वीज अनेकदा आधी इशारा देते. नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर बारीक मुंग्या येणे हा सर्वांत महत्त्वाचा इशारा. 'थोडासा करंट येतो, सवय झालीय' हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे गिझर त्या क्षणी बंद व्हायला हवा. आज मुंग्या आल्या त्या कोरड्या पायांनी. उद्या पाय ओले असतील. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर बसतो, ते जास्त तापते आणि त्याच्या नळीला लवकर तडे जातात. त्यामुळे जड पाण्याच्या भागात गिझरची सर्व्हिसिंग लांबवणे महागात पडते. सॉकेट गरम लागणे, प्लग पिवळा किंवा काळा पडणे, चरचर आवाज येणे, बोर्डाच्या भिंतीवर ओल दिसणे, या बाकीच्या खुणा.

आरसीसीबीवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले छोटे बटन असते. ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दाबावे. झटक्यात पडला तर तो जागा आहे. पडला नाही तर तो फक्त शोभेचा आहे. या बटनाने अर्थिंगची तपासणी मात्र होत नाही. ती मोजमापाचे उपकरण असलेल्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, घरच्या घरी बल्ब लावून प्रयोग करू नयेत.

गिझरचा स्विच डीपी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. साधा स्विच एकच तार तोडतो. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे झाले असतील तर तो बंद करूनही एलिमेंटपर्यंत वीज राहते. पाणी तापले की गिझर बंद करून मगच आंघोळीला जाणे ही जुनी सवय आजही योग्य आहे. आरसीसीबी असला तरीही. रॉड वापरावाच लागत असेल तर क्रम पक्का असावा : आधी रॉड पाण्यात, मग बटन चालू, आधी बटन बंद, मग प्लग काढणे, मग रॉड बाहेर आणि त्यानंतरच हात पाण्यात. मुले त्या खोलीत नसावीत. चार्जरला लावलेला फोन घेऊन आंघोळीला जाण्याची नवी सवय तर मुळातच सोडावी. चार्जर ५ व्होल्ट देतो हे खरे, पण आतला स्वस्त चार्जर बिघडला तर मागे २३० व्होल्ट उभे असतात.

विजेच्या भीतीने गॅस गिझरकडे वळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तिथे धोका बदलतो, संपत नाही. बंद, हवा नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि तोही जीवघेणा ठरतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

धक्का बसलाच तर

बाथरूममधून ओरडण्याचा किंवा पडण्याचा आवाज आला की पहिली प्रतिक्रिया धावत जाऊन हात धरण्याची असते. असेच एकामागोमाग दोघे-तिघे सापडतात. आधी मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पडला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट चालू राहतात. मेनपर्यंत पोहोचता येत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर ढकला.

वीज गेल्याची खात्री झाली की माणसाला हाका मारून पाहा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन लावा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय अनेकदा मुळात निरोगी असते, म्हणून हे प्रयत्न फुकट जात नाहीत. माणूस उठून बसला, 'मला काही झालं नाही' म्हणाला तरी छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची खूण किंवा काही क्षणांची बेशुद्धी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयरोग असलेल्यांनी तर धक्का किरकोळ वाटला तरी.

एका आरसीसीबीचा खर्च गिझरच्या किमतीच्या तुलनेत थोडाच असतो आणि तो बसवायला तासाभराचे काम पुरते. घरात गिझर निवडताना किती लिटरचा, कोणत्या रंगाचा, किती वर्षांची वॉरंटी यावर संध्याकाळ जाते. त्याच संध्याकाळी मुख्य बोर्डाचे झाकण उघडून त्यात टेस्टचे बटन आहे का, एवढे पाहता येईल. असेल तर ते दाबून पाहावे. नसेल तर गिझरच्या आधी ते घ्यावे.